उचलबांगडी

मंगळवार, ३ मार्च

—आणि पडद्यावर नुसत्या बांगड्या! लाल, हिरव्या, सोन्याच्या. प्रत्येक टॅबवर एकेक दुकान मांडल्यासारखं. मुलं खूश. तिसरीत आम्ही शब्द असेच शिकतो. घरी ऐकलेला, न कळलेला शब्द वर्गात आणायचा. आधी अंदाज, मग चित्रं शोधायची, मग तो शब्द असलेली वाक्यं. अर्थ बाईंनी सांगायचा नाही. नियम माझाच.

आजचा शब्द टकळीचा. टकळी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेची, मोठ्या बाईंची नात. खरं नाव हजेरीपुरतं. उभी राहून म्हणाली, "आजोबा म्हणाले, आता बाईंची उचलबांगडी होणार."

"कुठल्या बाईंची?"

"बाईंची!" बोट माझ्याकडे. तिच्या जगात दुसरी बाई नाहीच.

"बाई, सोन्याची मिळणार की काचेची?"

थांबवता आलं असतं. दुसरा शब्द घेऊ, म्हणता आलं असतं. तोवर मुलं वाक्यांकडे वळली. प्रशिक्षकाची उचलबांगडी. अधिकाऱ्याची तडकाफडकी उचलबांगडी. खिडकीजवळची एक अडखळत मोठ्यानं वाचत होती. मध्येच थांबली.

"बाई, ही बांगडी नाहीच. ह्यात माणसाला उचलतात."

"उचलून कुठे ठेवतात?" टकळी.

"ठेवत नाहीत. काढून टाकतात."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. कुणी हसेना.

"बरोबर," मी म्हणाले.

पद्धत यशस्वी! एवढी यशस्वी कधीच झाली नव्हती.

बुधवार, ४ मार्च

मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या सरांना सांगितलं. ब्रश धुता धुता म्हणाले, "तरी म्हटलं, चिटणीस तुमच्या वर्गातून तोंड वाकडं करून का बाहेर पडले."

खरंच की. संस्थेचे चिटणीस गेल्या आठवड्यात आले होते. वर्गात मागे उभे राहिले आणि मुलांदेखत विचारलं, "पोरं शिकतायत की खेळतायत?" मोठ्या बाई त्यांच्या शेजारीच. गप्प. मला वाटलं होतं, नंतर बोलतील. आणि बोलल्या त्या घरी! नवऱ्याशी!

"जाताना एक बांगडी तरी मागून घ्या," सर म्हणाले. मला हसू आलं नाही. मग त्यांचंही मावळलं.

या वयात मला दुसरी शाळा कोण देणार?

बुधवार, संध्याकाळ

आई विचारते, जेवत का नाहीस. तिसरीतल्या पोरांना ठाऊक आहे. आईला नाही.

गुरुवार, ५ मार्च

गेले. शाळा सुटल्यावर. मोठ्या बाईंच्या खोलीत, दार न ठोठावता. त्या टेबलाचे खण आवरत होत्या.

"मला समोर सांगायचं होतंत. नातीच्या तोंडून कशाला?"

"काय सांगितलं तिनं?"

मी तो शब्द उच्चारला. त्या हसल्या! चष्मा काढून, डोळे पुसत हसल्या. मी उभीच.

"वर्गात शोधला हा शब्द?"

"हो."

"आधी काय आलं?"

"बांगड्या."

"आणि अर्थ? तुम्ही सांगितलात?"

"मुलांनीच काढला."

"छान. तसंच करत राहा."

जखमेवर मीठ! मग माझा तोल गेला. म्हणाले, पाठीत वार करायचा तर निदान हसू नका. म्हणाले, चिटणिसांपुढे मान डोलावण्यातच तुमचा जन्म गेला. आणखीही बरंच. इथे लिहवत नाही. त्यांनी चष्मा लावला.

"जाताना दार लोटून घ्या."

लोटलं नाही. आपटलं.

शुक्रवार, ६ मार्च

सकाळी फाटकाबाहेर पालकांच्या घोळक्यात मोठ्या बाई. टकळीचं दप्तर खांद्यावर. रखवालदार त्यांच्याकडे बघेना.

"आजी आता शाळेत येणार नाही," टकळी म्हणाली. "आणि बाई, आजोबा आजीलाच बाई म्हणतात. चिडवायला!"

मोठ्या बाईच बोलल्या. सहज. पाण्याची बाटली दप्तरात कोंबता कोंबता.

"चिटणिसांना तुम्ही नको होतात. मी म्हटलं, टॅबची परवानगी माझी. काढायचं तर मला काढा." बाटलीचं झाकण घट्ट केलं. "काढलं!"

"मी काल—"

"घंटा होईल."

दप्तर माझ्या हातात दिलं. आणि सगळ्या आज्या म्हणतात तसं म्हणाल्या, "जरा लक्ष असू द्या हं हिच्याकडे, बाई."

घंटा झाली. आम्ही आत आलो. त्या बाहेर राहिल्या.