प्रायमरचा हात

४ मार्च, सोमवार

दादा साक्ष देणार नाही! बारा वर्षं कारखान्याच्या फाटकावर घसा फोडला मी, आणि माझाच सख्खा भाऊ नाही म्हणतो — सव्वीस वर्षं रंगखात्यात गाड्या रंगवून छातीची चाळण करून घेतलेला! सुनावणी पंधराला. त्याच्याशिवाय आजारी कामगारांचा कंपनीवरचा खटला उभाच राहत नाही.

म्हणाला, "कंपनीने मास्क दिलेच नाहीत, असं भाषणात ठोकून देतेस. कधी हातात स्प्रे धरलायस?"

मग कपाटातून वीतभर मोटार काढली. प्लास्टिकचं मॉडेल, सुटीत जोडलेलं. "याला प्रायमर मार, रंगाआधीचा करडा थर. बोट फिरवलं तर खरखर लागता कामा नये. मग बोलू."

दहा पायऱ्यांत धाप लागणारा माणूस माझी परीक्षा घेतो!

५ मार्च

गच्चीत चादरीचा आडोसा केला. डबा हलवला, फवारलं — गाडीच्या दारावरून ओघळ! दादा म्हणाला, "फार जवळून मारलंस. बोलतेसही तशीच." स्पिरिटने सगळं धुऊन काढलं.

६ मार्च

लांबून मारलं. आता छपरावर वाळूसारखी खरखर! थेंब हवेतच वाळून खाली पडतात म्हणे. वहिनीला हसू आवरेना. "वन्सं, भाषण पुरे, हात चालवा!"

७ मार्च

कारखान्यांतल्या रोगांवर तीन जाडजूड पुस्तकं आहेत माझ्याकडे. सगळी रेघा मारून वाचलेली. डबा आधी कोमट पाण्यात धरावा, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा — हे एकातही नाही.

१० मार्च

दादा कसाबसा गच्चीत आला. "तुझं तोंड उघडं कसं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं मास्क मास्क म्हणून ओरडले, आणि स्वतः साधा रुमालही बांधला नव्हता!

त्याने पिशवीतून मास्क काढला. पूर्ण चेहऱ्याचा, पुढे काच.

"हा कुठला?"

"कंपनीचा. सगळ्यांना दिले होते."

दिले होते! माझी बारा वर्षांची भाषणं — खोटी? पुढे विचारलं तर जिना उतरायला लागला. पाच दिवस उरले. जेवण गेलं नाही.

१२ मार्च

मास्क घालून तीनदा मारलं, तीनदा धुतलं. दोन श्वासांत काचेवर वाफ धरते. प्रायमर ओला असताना चकाकतो. ती चकाकी दिसली तरच हात कुठे थांबवायचा ते कळतं. इथे तर गाडीच दिसत नाही!

१३ मार्च

जमलं! तीन पातळ हात, मध्ये दहा दहा मिनिटं. बोट फिरवलं — कुठे अडकलं नाही. ओरडतच खाली धावले.

दादाने गाडीकडे पाहिलंच नाही. माझ्या नाकाखाली बोट फिरवलं. बोटावर करडी पूड.

"मास्क कुठाय?"

कठड्यावर. कधी काढून ठेवला, आठवतही नव्हतं.

"आम्हीही हेच केलं," तो म्हणाला. "वाफेची तक्रार केली तर साहेब म्हणायचे, सवय होईल. खरखर लागली की गाडी परत, आणि सगळ्यांसमोर उद्धार. मग नव्या माणसांना मीच शिकवायला लागलो — काढ तो, म्हणजे दिसेल. त्यातले दोघे गेले, बाई. मी कुठल्या तोंडाने साक्ष देऊ?"

मी गाडी त्याच्या हातात ठेवली. एवढंच म्हटलं, "माझं भाषण नको सांगूस. हेच सांग."

१४ मार्च

दादाने उत्तर दिलेलं नाही. उद्याचे कपडे मात्र वहिनीकडून इस्त्री करून घेतले.

१५ मार्च

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "मास्क दिले होते ना? मग काढायला कुणी सांगितलं?"

"मी," दादा म्हणाला.

त्याने पिशवीतून करडी गाडी काढून टेबलावर ठेवली. शेजारी मास्क. "साहेब, हा लावून या गाडीकडे बघा. नुसतं बघा."

वकील हलला नाही. न्यायाधीशबाईंनी हात पुढे केला, मास्क चेहऱ्याला लावला, आणि श्वास सोडला.