लाल चांदणीचे रकाने

मंगळ. १२
शेंद्र्याच्या कारखान्यात तिसरं वरीस. आजपासून कागदी चेकशीट बंद. शिफ्टच्या आधी मशीन तपासून टॅबवर फॉर्म भरायचा. लाल चांदणीचा रकाना मोकळा सोडला की फॉर्म जातच नाय, म्हनतो "हे भरा". सगळी अक्कल विलासची. माझा मावसभाऊ, माझ्याच खोलीत राहतो. मीच आनला त्याला हिंगोलीहून. फॉर्म तपासायची स्क्रिप्ट त्यानं लिहिली म्हनं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर तीन वर्सं नुसतं लोखंड.

गुरु. १४
आईचा फोन. "विलास हापिसात खुर्चीवर बसनार म्हनं?" मी कसा हाय, ते नाय विचारलं. आठवीत शाळा सोडली म्हनून काय मी…

शनि. १६
हातात मोजा होता. दाबाच्या रकान्यात आकडा टाकायचा तर चुकून स्पेसचं लांब बटन दाबलं गेलं. फॉर्म गेला! परत केलं, परत गेला. म्हंजे कायतरी दाबलं एवढंच त्याची स्क्रिप्ट बघते, काय दाबलं ते नाय. एकटाच लई हसलो. विलासला सांगितलं नाय.

बुध. २०
शेजारच्या प्रेस मशीनवरच्या बशीरला दाखवलं. "क्या रे हौले, तेरेकू दिमाग भी है!" हौले म्हंजे येडा. दुपारपर्यंत सगळ्या लाइनीला माहीत. आता दाबाचं गेज कोनी बघत नाय. लांब बटन, लांब बटन, सबमिट. मी पन.

शुक्र. २२
बशीरच्या प्रेसचा दाब चढला, पाइप फाटला. गरम तेल मनगटावर. फोड आलेत. थोडक्यात वाचला. फॉर्म मात्र सकाळीच गेलेला, दाबाचा रकाना मोकळा दिसतोय.
साहेब विलासला म्हनले, "सोमवारी सगळे फॉर्म उघडून दाखव. खुर्चीचं मग बघू."
बशीर माझ्याकडं बघत राहिला.

रवि. २४
विलासला भात गेला नाय.
"दादा, मोकळा रकाना जाऊच शकत नाय. शंभरदा तपासलं मी. उद्या तू चल संगं. मशीनवरच्या मानसाचं ऐकतील."
"बघू."
आत्ता सांगितलं तर पाच मिंटात दुरुस्त करंल, खुर्ची त्याची. नाय सांगितलं तर गेली. मला तर ती मिळनारच नाय. तरीबी…

सोम. २५
बस सातची. अजून सांगितलं नाय. विलास दारात बसून बूट पुसतोय. त्याचे झाले, आता माझे घेतलेत. "राहू दे रं," म्हनलं. ऐकना.