रोजचा गुरुवार

६ नोव्हेंबर २००६
आज पुन्हा! खाकी कपडे, हातात डबा आणि हे थेट हमरस्त्यावर. रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी ह्यांना पिंपरीच्या कंपनीची बस पकडायचीच असते. सोनबा वॉचमनने धरून आणलं. संजय हिंजवडीहून आला तो कुलूप घेऊनच. "आई, दुसरा उपाय नाही." म्हटलं, नवऱ्याला कोंडायला मी काय तुरुंग चालवते? जीव जळतो नुसता.

७ नोव्हेंबर
डॉक्टरांनी ह्यांना शांत ठेवायच्या गोळ्यांना साफ नकार दिला. मागे हे गोळीच्या गुंगीतच पडले होते. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या — अडवू नका, वाद घालू नका, दाराला भिंतीच्या रंगाचा पडदा लावा, निघालेच तर सोबत चाला. ऐकायला छान! माझे गुडघे कोण चालवणार?

८ नोव्हेंबर
पडदा लावला. ह्यांनी सारला, कडी काढली. जन्मभर मशिनी उघडल्या, पडद्याने थांबतात होय!

९ नोव्हेंबर
आज सहज तोंडातून गेलं — "अहो, आज गुरुवार. कंपनीला सुट्टी." "अस्सं होय," म्हणाले आणि डबा खाली ठेवला! मी बघतच राहिले.

१० नोव्हेंबर
आजही गुरुवार.

१३ नोव्हेंबर
आमच्याकडे रोज गुरुवार! खाकी खुंटीला. आज विचारत होते, "माझी जुनी पँट कुठंय?" काढून दिली. कसे खुशीत होते! संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत दोघं फिरून आलो. संजयने कुलूप कपाटात टाकलं. जिंकले मी.

१५ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला माझा. उठते तर दार उघडं. चौकीत सांगितलं — खाकी कपडे, हातात डबा. संजय मोटारसायकलवर पिंपरीपर्यंत प्रत्येक स्टॉप बघत गेला. नाहीत.

१६ नोव्हेंबर
कंपनीच्या गेटवर माणूस बसवलाय. नाहीत. आज खरा गुरुवार. कॅलेंडरकडे बघवत नाही.

१७ नोव्हेंबर
खाकी खुंटीलाच आहे! डबा फळीवर. दोन दिवस डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. जुनी पँट तेवढी नाही. म्हणजे हे कामावर निघालेच नव्हते. सुट्टीच्या दिवशी हे कुठे जायचे? मांजरी गावाला, हिंमतराव भावजींच्या उसाला पाणी धरायला. दर गुरुवारी, न चुकता. भावजी गेले, रान विकलं, माझ्या मनातूनही पार गेलं. आणि आम्ही पिंपरीला शोधतोय! संजय गाडी काढतोय. देवा, थंडी पडलीय रे.

१८ नोव्हेंबर
सापडले. उसात, पाटाच्या कडेला. चपला उशाला घेऊन निजल्यासारखे. अंग गार.
शेजारच्या रानातले ज्ञानदेव रडत होते. "वहिनी, बुधवारी बघितलं मी त्यास्नी. नव्या मालकाचं पाव्हणं वाटलं. 'बाबा, घरी न्हाई का जायचं?' म्हनलं, तर हसले. म्हनले, आज गुरुवार, सुट्टी हाय."
माझं नावसुद्धा राहत नव्हतं त्यांच्या लक्षात. हे राहिलं.