गाडी जिथे थांबते तिथलं घर

प्रिय चिंगे,

पाकीट बघून घाबरू नकोस. मुलं बरी आहेत, मीही बरी आहे. रोज फोन होत असताना ही आता पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. पण फोनवर एक तर माझ्याकडे मुलं मध्ये असतात, नाहीतर तुझ्या शेजारी आई बसलेल्या असतात. आणि माझं तुला माहीत आहेच. हॉस्टेलवर तू माझं नाव घुमी ठेवलंस ते उगाच नाही. समोर माणूस असलं की माझे शब्द घशातच राहतात. लिहिताना निदान कोणी तोंडाकडे बघत नाही.

आधी मुलांचं. दोघं सध्या ऑफिसजवळच्या पाळणाघरात जातात. थोरली पहिल्या आठवड्यात एक अक्षर बोलली नाही, आता इथल्या भाषेत मलाच सुधारते. दुकानात मी काही विचारलं की हळूच बाही ओढते आणि म्हणते, आई, तसं नाही म्हणत गं. वर नाक उडवते, ते थेट तुझ्यासारखं. धाकटा बोका अजून भाषेच्या भानगडीत पडलेला नाही. हवं ते बोटाने दाखवतो, नाही मिळालं की भोकाड पसरतो, आणि ते सगळ्यांना कळतं. माझं काम तेच आहे जे तिकडे होतं. चष्म्याच्या काचा दिव्यासमोर धरायच्या, ओरखडा किंवा बुडबुडा दिसला की बाजूला टाकायच्या. लग्नात तू सगळ्यांना सांगत होतीस की हिने आमच्या दादालाही दिव्यासमोर धरून बघितला आणि मग पास केला. परवा काम करताना ते आठवलं आणि एकटीच हसले. बाजूच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं असेल, ही अखेर माणसात आली.

आता घराचं. कंपनीने दिलेल्या या खोल्या महिनाअखेरीस सोडायच्या आहेत, आणि घर ठरल्याशिवाय थोरलीची शाळा ठरत नाही. घरं दाखवणारा एजंट आहे, त्याला आम्ही लंबू म्हणतो, कारण प्रत्येक दारातून तो वाकून आत शिरतो आणि बोक्याला ते फार आवडतं. त्याने पहिलं घर दाखवलं ते ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ. गाडीचा प्रश्नच नाही. पण चौथा मजला, गॅलरीचा कठडा माझ्या कमरेलाही न पोचणारा, आणि बोका कशावर चढत नाही ते सांग. खाली सहा पदरी रस्ता. आताच्या पाळणाघरात महिनाअखेरीनंतर दोघांना जागा नाही, म्हणजे एक मूल एका टोकाला, दुसरं दुसऱ्या. ते घर बघून आले आणि दोन दिवस डोळे मिटले की मला तो कठडा दिसायचा. मग लंबू म्हणाला, तुमच्यासारखी मुलंबाळंवाली सगळी माणसं उपनगरात राहतात, तुम्हाला असं गाव दाखवतो की तुम्ही मला पेढे द्याल. पेढे मी म्हणतेय, तो दुसरं काहीतरी म्हणाला.

ते गाव गाडीच्या साधारण अर्ध्या वाटेवर आहे. तो पुढे जाऊन स्टेशनवर उभा राहणार आणि मी मुलांना घेऊन येणार असं ठरलं. बोक्याची ढकलगाडी होती म्हणून आम्ही शेवटच्या डब्यात चढलो, तिथे जागा होती. आता गंमत ऐक. त्या स्टेशनाचा फलाट आखूड आहे, मागच्या दोन डब्यांची दारं तिथे उघडतच नाहीत. रोजची माणसं आधीच पुढे सरकून बसतात. मला कोण सांगणार? स्टेशन आलं, मी दारापाशी उभी, बटण दाबतेय, दार ढिम्म. काचेतून लांबवर लंबू दिसत होता, पुढच्या दारांकडे बघत. मी हात हलवला. गाडी सुटली. थोरली म्हणाली, आई, आपलं स्टेशन गेलं. पतंग गेला म्हणावं इतकं सहज म्हणाली.

पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि उलट गाडी धरायची, एवढं साधं होतं. पण चिंगे, मला ते जमलं नाही. मी बसले ती उठूच शकले नाही. पुढचं स्टेशन आलं, गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. माणसं उतरत होती, पिशव्या सावरत होती, कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. बघायचं कारणही नव्हतं, एक बाई आणि दोन मुलं गाडीत बसली आहेत, एवढंच. मला एकच गोष्ट कळत होती, की तुझ्या दादाचं असंच झालं असणार. त्याचं स्टेशन आलं असणार, दारं उघडली असणार, मिटली असणार, आणि शेजारच्याला वाटलं असणार, दमलाय बिचारा, झोपू दे. थोरली दोनदा म्हणाली, आई, आपण कुठे उतरणार. मी तिला म्हटलं, जिथे गाडी थांबेल तिथे. बोका मांडीवर झोपला होता. त्याचा श्वास चालू आहे ना, हे मी सारखं हाताने बघत होते.

गाडी शेवटच्या स्टेशनला थांबली, डब्यातले दिवे गेले, आणि एक बाई झाडू आणि मोठी पिशवी घेऊन आत आली. प्रत्येक बाकाशी थांबत, वाकून बघत येत होती. पुढे एक कॉलेजचा मुलगा कानात गाण्याची बोंडं घालून झोपला होता. तिने लांबून हाक मारली नाही. हातमोजा काढला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो डोळे उघडेपर्यंत तशीच उभी राहिली. मग आमच्याकडे आली आणि म्हणाली, उतरा बाई, गाडी इथपर्यंतच. मी उतरले ती रडतच. तिला वाटलं, चुकीच्या गावी आलो म्हणून रडतेय. तिने थोरलीला परतीचा फलाट दाखवला.

आम्ही परत गेलोच नाही. स्टेशनच्या बाहेर सरळ एक रस्ता आहे, त्यावर किराणा दुकान, चपला शिवणारा, पुढे शाळा आणि शाळेला लागून पाळणाघर. पाळणाघराच्या समोर एक घर भाड्याने द्यायचं होतं. खाली दोन खोल्या, वर एक, मागे कपडे वाळत घालण्याएवढं अंगण. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाळणाघराचं फाटक दिसतं. मी लंबूला फोन करून म्हटलं, हे बघा. तो म्हणाला, लोक मला सांगतात घर शहराजवळ आणा, तुम्ही तर शहरच लांब न्यायला निघालात. बाजूच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, तिथे तर माणसं निवृत्त झाल्यावर जातात. आई फोनवर म्हणाल्या, दोन लेकरं घेऊन गावकुसाबाहेर कशाला? आणि तू म्हणालीस, घुमे, डोकं ठिकाणावर आहे ना? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, सकाळी बसायला जागा मिळते. ते खरंही आहे.

पाळणाघराच्या बाईंना भेटून आले. चांगल्या आहेत, हसऱ्या, एप्रनला रंग लागलेला. मी विचारलं, संध्याकाळी कोणी न्यायला आलंच नाही तर? त्या म्हणाल्या, उशीर सगळ्यांनाच होतो हो, आम्ही थांबतो, फोन करतो. मी म्हटलं, आणि फोन उचललाच नाही तर? त्यांचं हसू जरा कमी झालं. त्यांनी विचारलं, घरी आणखी कोण असतं? मी म्हटलं, मी. त्यांनी माझा हात दाबला. मला हेच सगळं दिवसभर दिसत राहतं, चिंगे. सगळी मुलं गेलेली आहेत, दोघं चपला घालून बाकावर बसली आहेत, थोरली धाकट्याला सांगतेय की आई येईलच, आणि मी कुठेतरी काचेला डोकं टेकून पुढे पुढे चालले आहे. म्हणून मला शेवटचं स्टेशन हवं. तिथून पुढे मला कोणी नेऊ शकत नाही. तिथे कोणीतरी येऊन बघतं.

असं मी धरून चालले होते. मागच्या आठवड्यात मुलांना बाजूच्या टेबलावरच्या बाईंकडे ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने तिथे गेले, रोज ज्या गाडीने यावं लागेल त्याच गाडीने. शेवटच्या स्टेशनला मुद्दाम बसून राहिले. कोणी आलं नाही. दिवेसुद्धा गेले नाहीत. ड्रायव्हर आपली बॅग घेऊन फलाटावरून या टोकाचा त्या टोकाला गेला, दारं मिटली आणि गाडी उलट निघाली, मला घेऊन. झाडूवाली बाई दुपारीच येत असावी. समोरच्या बाकावर एक गृहस्थ पेपर मांडीवर ठेवून झोपले होते. मी, कधी अनोळखी माणसाला वेळ न विचारणारी, उठले आणि त्यांचा खांदा हलवला. ते दचकून उठले आणि असे भडकले म्हणतेस! ते त्याच स्टेशनवर चढले होते आणि त्यांना शहरातच जायचं होतं. मी माफी मागितली. पण ते ओरडले तेव्हा मला किती बरं वाटलं, हे त्यांना कसं सांगणार?

तेव्हापासून घर ठरत नाही. लंबू रोज विचारतो, आणि मी रोज उद्या म्हणते. आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. तुझा दादा गेला त्या दिवशी बोका तापाने फणफणला होता, माझ्या अंगावरून खाली उतरत नव्हता, म्हणून ओळख पटवायला तू आणि काका गेलात. परत आलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, झोपल्यासारखाच दिसत होता गं. मी पुढे विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. पण तो निघतोय म्हणून मला फोन केला तेव्हा बाहेर उजेड होता. तुम्हाला बोलावणं आलं तेव्हा थोरली जेवून झोपली होती. ती गाडी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला एवढा वेळ घेत नाही. मधल्या वेळात तो कुठे होता, चिंगे? गाडी तिथे थांबली आणि कोणी लगेच आत आलं, की ती त्याला घेऊन परत फिरली, आणि पुन्हा आली, आणि पुन्हा? तिथल्या माणसांनी तुला सांगितलं असणार. तो देश वेगळा, गाड्या वेगळ्या, तिकडच्या उत्तरावर इकडचं घर ठरत नाही, हे मला कळतं. तरी माझं पाऊल त्याशिवाय उचलत नाही. पहिल्याच खेपेला कोणीतरी त्याला बघितलं असेल, तर मी ते लांबचं घर घेईन आणि रोज त्या गाडीत बसेन. नसेल, तर चौथा मजला घेईन आणि गॅलरीच्या दाराला कुलूप लावीन. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. आईंना यातलं काही कळू देऊ नकोस. आणि फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला तर मी म्हणेन, राहू दे, काही नाही. लिहून पाठव, दोन ओळी पुरतील.

तुझीच,
घुमी