खाडीच्या वळणापर्यंतचा बांध

अण्णा, मी आणलेला नकाशा तुम्ही पहिल्यांदा हातात घेतलात तेव्हा तो उलटा धरला होतात. मी सरळ करायला गेले तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे गं. पाणी माझ्याकडं येताना दिसलं की मला कळतं." गावाकडं कृष्णेच्या काठावर प्रवाहाकडे तोंड करून बसायची तुमची सवयच ती. कंपनी बंद पडली त्या वर्षीची ही गोष्ट. गेटला कुलूप लागल्यावरही दोन महिने तुम्ही रोज सकाळी सातला दाढी करून, कपडे घालून तयार व्हायचात आणि मग नेरूळच्या आपल्या खोलीत खिडकीपाशी बसून राहायचात. आई स्वयंपाकघरातून बाहेर येताना तुमच्याकडे बघायचं टाळायची. मी बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंगचं, म्हणजे पारदर्शक कागदावर नकाशे उतरवून काढायचं काम करायचे. एका संध्याकाळी दमून आले आणि चहा घेणार का, असं तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. मी ओरडले, "दिवसभर घरात बसता आणि मी आले की माझ्या मागं लागता. जरा बाहेर पडा ना कुठंतरी!" तुम्ही आत गेलात. कप धुऊन पालथा घातलात. दुसऱ्या दिवशी मलाच लाज वाटली. ऑफिसच्या रद्दीत खाडीकाठच्या नकाशाची एक जुनी प्रिंट पडली होती, ती घेऊन आले. म्हटलं, "अण्णा, इथंही पाणी आहे की. गळ टाकायला जागा शोधा."

आणि तुम्ही खरंच शोधायला लागलात. जेवणं झाली की फरशीवर प्रिंट पसरून चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवायचात. मी दिवसभर त्याच रेघा काढायचे, पण मला त्या नुसत्या रेघा दिसायच्या. "हितं बघ, पाणी वळतंय. भायेरच्या अंगाला काठ खाऊन डोह झाला आसंल. आन हितं नाला येऊन मिळतोय. खाणं वाहून येणार, मासा तोंड लावून बसणार." तुमचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. रविवारी आपण दोघं निघायचो. तुम्ही खूण केलेल्या पहिल्या जागी नालाच नव्हता, भराव टाकून झाला होता आणि वर एक रोलर उभा होता. दुसरीकडे गुडघाभर चिखल. तिसरी जागा दिवाळे गावाच्या अलीकडची. तिथं तुम्ही कणकेच्या गोळ्या लावून दोन तास बसलात, गळ हललासुद्धा नाही. शेजारी जाळं शिवत बसलेले एक म्हातारे कोळी हसले. "खाडीचा मासा कनीक खात नाय, पावनं," म्हणाले आणि मूठभर कोळंबी तुमच्या हातावर ठेवली. त्या दिवशी चार बोय मासे मिळाले. आईनं ते तळले, आणि कितीतरी दिवसांनी तुम्ही मागून घेऊन जेवलात. निघताना त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं, "भरतीचं पानी समोरून येत नाय हां. पाठीमागच्या नाल्यांतून गुपचूप भरतं. पुढं बघत बसला की मानूस अडकला." तुम्ही मान हलवलीत, मीही हलवली. पण जन्मभर एकाच दिशेनं जाणारं पाणी बघितलेल्या माणसाला ते कितीसं कळलं असेल?

मग तुम्हाला ते वळण दिसलं. मिठागरांच्या पलीकडे खाडी एकदम आत वळते, तिथं. एक जुना बांध त्या दिशेनं गेला होता, पण प्रिंटवर तो अर्ध्यातच पुसट होत नाहीसा झालेला. मी तुमच्या खिशात मावेल एवढं ट्रेसिंग काढत बसले आहे, ऑफिसचं काम शेजारी तसंच पडलं आहे, आणि तुम्ही विचारता, "आगं, ह्यो बांध वळणापतूर जातो का?" मी वर न बघता म्हणते, "जातो." पुसट झालेली रेघ जोडून घ्यायची हाताला सवयच होती. पट्टी लावली आणि काळ्या शाईनं बांध थेट वळणापर्यंत नेला. मूळ शीट ऑफिसात होतं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती.

तुम्ही रविवारची वाट बघितली नाहीत. शनिवारी, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, एकटेच गेलात. मी ऑफिसातून आले तेव्हा आई दारात उभी होती. अंधार पडेपर्यंत सोसायटीतले चारजण खाडीकाठी हाका मारत फिरले. तुम्ही सापडलात दुसऱ्या दिवशी सकाळी, तिवरांच्या झाडीत. होडी घेऊन गेलेल्यांत ते म्हातारेही होते. बांध मध्येच फुटलेला होता, त्यांनी सांगितलं. ओहोटीला ती फट कोरडी असते, माणूस सहज उतरून पलीकडे जातो. नंतर तिथूनच पाणी घुसतं, आणि त्या दिवशी तर उधाण होतं. तुमची थैली त्यांनी माझ्याकडे दिली. आत दोन जिताडे मासे होते, हातभर लांब. "जागा बराबर शोधली व्हती त्यानं," ते म्हणाले. "आमची मानसं बी तिथं जातात. पन होडीनं. चालत कोन जात नाय."

तुमच्या शर्टाच्या खिशातलं ट्रेसिंग हवालदारांनी टेबलावर पसरलं. ट्रेसिंगची शाई पाण्यानं जात नाही. बांध होता तसा ठळक दिसत होता. "हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. आई माझ्या शेजारी बसली होती. मी म्हणाले, "त्यांनीच." हवालदारांनी लिहून घेतलं. आईनं एकदा त्या कागदाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

त्यानंतर आई तुमच्यावर रागावूनच जगली, अण्णा. कुणी भेटायला आलं की म्हणायची, "माझा विचार केला नाही ह्या माणसानं. स्वतःच्या हातानं रस्ता काढून गेला." तुमचं वर्षश्राद्ध केलं तेही कोरडेपणानं. मासे तर घरात पुन्हा आलेच नाहीत. कधी कधी ती भाजी निवडता निवडता मध्येच विचारायची, "तुला काही बोलले होते का गं ते, जायच्या आधी?" मी नाही म्हणायचे. सांगायला मला पुष्कळ वर्षं मिळाली. शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा तिनं माझा हात धरून म्हटलं, "तू होतीस म्हणून निभावलं." तेव्हाही मी गप्प बसले.

मागच्या महिन्यात आई गेली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. मी ते आज लिहिते आहे, कारण आता ते वाचून मला काही म्हणेल असं घरात कुणी उरलेलं नाही.