निळ्या खडूच्या एकतीस फुल्या

परदेशीपुरा, इंदूर
१४ सप्टेंबर २०००

तीर्थस्वरूप लीलाताईस,

धाकट्या प्रेमलताचा वाकून नमस्कार (तू मात्र वाकू नकोस, कंबर कशी आहे ते आधी कळव). ग्वाल्हेरचा उकाडा उतरला असेल, नि तुझ्या व्याह्यांचा मुक्कामही हलला असेल. इकडे सर्व खुशाल.

आमच्या शेजारच्या मंगलाबाईंची नात निधी आठवते ना? तिने चौकातल्या शिलाईच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन गाण्यांची वेबसाइट काढली आहे. कॅसेट नाही, रेडिओ नाही. कॉम्प्युटरवर बटण दाबायचं नि हवं ते गाणं टेलिफोनच्या तारेतून यायचं. (तारेत ते अडकत कसं नाही, असं मी तीनदा विचारलं. अडकतं, म्हणाली.) लोकांना ती वापरता येते का, हे पाहायला तिला कॉम्प्युटरला कधी हात न लावलेली माणसं हवी होती. एवढी पात्रता माझ्याकडे भरपूर! "काकू, टेस्ट तुमची नाहीये, वेबसाइटची आहे. जे अटकेल ते बिनधास्त बोला," असं तिने बजावलं. हेही यायला निघाले होते, पण मी घरीच बसवलं. कारण तुला ठाऊक आहे. मिलच्या घडी खात्यात सव्वीस वर्षं कापडातले दोष शोधून निळ्या खडूने खुणा करणारा माणूस. मिल बंद पडून नऊ वर्षं झाली, तेव्हापासून सगळे दोष माझ्याच पोळीत निघतात. परक्या पोरीच्या मेहनतीवर तसलं तोंड कशाला?

मला एक भजन लावून दाखवायचं होतं. माउस टेबलावरून दोनदा खाली पडला. कॉम्प्युटरने आधी नाव विचारलं, मग पत्ता, मग पिनकोड. भजन काही लागेना. तरी निधीने विचारल्यावर मी म्हटलं, फारच सुंदर आहे हो. चहा-कचोरी खाल्ल्यावर दुसरं काय म्हणणार? तिचा चेहराच पडला. "काकू, तुम्ही सातव्या. सगळे छानच म्हणतात, और गाना एकाचंही वाजलं नाही. सोमवारी साइट चालू करायचीय, मी दुरुस्त काय करू?"

तेवढ्यात हे हजर! दार ओढून पेपर आणायला बाहेर पडले, नि लॅचची किल्ली माझ्याच कमरेला राहिली होती. पण किल्ली घेऊन निमूट जातील तर ते कृष्णराव कसले? चष्मा सारखा करून पडद्यासमोर उभे राहिले. मी डोळे वटारले, पायावर पाय दिला, सगळं व्यर्थ. "पंगतीला बसण्याआधी दारातच पिनकोड विचारता का?" इथून जी सुरुवात झाली! गाण्याचं बटण भिंतीच्याच रंगाचं, गाणं लागलं नाही तर का लागलं नाही ते कुणी सांगत नाही. बोलता बोलता खिशातून तो तेलकट निळा खडू काढून (अजून जवळ बाळगतात, मलाही ठाऊक नव्हतं) थेट काचेवर फुल्या मारायला लागले. एकतीस! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निधी मात्र वहीत भराभर लिहीत होती. "काकाजी, कल भी आओगे ना?" म्हणाली. नऊ वर्षांत यांना कुणी चुका काढायला बोलावलं नव्हतं, ताई. हे खडू पुसून खिशात ठेवत "दहाला येतो" म्हणाले, नि मला तिथेच रडू आलं.

आता रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. सोमवारी माझं भजनही लागलं.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुला दोन्ही थोडे थोडे.

तुझी प्रेमलता

ता. क. निधीला आणखी नवखी माणसं हवीत. आम्ही दोघं आता शिकून बिघडलो. तू आठ दिवस येच.

आणखी ता. क. खरं सांगते. हे घरी चुका काढेनासे झालेत. आधी हायसं वाटलं, आता घर खायला उठतं. काल मुद्दाम पोह्यांत मीठ घातलं नाही, तरी गुपचूप खाऊन गेले. तुझ्या हातची भाजी त्यांना कधीच पसंत पडली नाही, म्हणून तू ये नि रांध.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं, तर वर पोह्यांच्या ओळीवर निळी फुली! शेजारी यांचं अक्षर: "कळलं होतं. जीरावनही नव्हतं." जीरावनचा मसाला मी माझ्या हाताने पोह्यांवर भुरभुरला होता, ताई! येऊ देत संध्याकाळी घरी. तू सावकाश आलीस तरी चालेल.