आठवड्याची उत्तम प्रतिक्रिया

बाबा, मी आता वाचकांची पत्रं लिहिते. तुम्ही जन्मभर ती वाचलीत, कापलीत, त्यांना मथळे दिलेत आणि घरी येऊन म्हणायचात, ज्याला बायको ऐकत नाही तो संपादकांना लिहितो. इथे पोस्टकार्ड लागत नाही. बातम्यांच्या एका साइटवर टेक्नॉलॉजीचं पान आहे, तिथे प्रत्येक बातमीच्या खाली वाचकांसाठी जागा सोडलेली असते, तिला कॉमेंट्स म्हणतात. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली म्हणून हे सांगत बसलेय. बातमी आली की पाच मिनिटांत तिच्याखाली माणसं बोलून मोकळी होतात. मध्ये टेबल नाही, टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेले तुम्ही नाही. ज्याला जे सुचेल ते, सुचेल तसं, सुचेल त्या क्षणी. तुम्ही बघितलं असतंत तर दोन दिवस जेवला नसतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यातलं चांगलं काय ते निवडायला बसला असतात.

हे सगळं लॉकडाउनमध्ये सुरू झालं. साथ आहे, सिडनीत आमचा भाग जरा जास्तच बंद आहे, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरात जायचं नाही. टूनगॅबीतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी ऑफिसचं काम करते. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम, म्हणजे स्वभावाला धरूनच. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी कुणाशी तरी गप्पा व्हायच्या, आता वरण-भात समोर आणि हातात फोन. एकदा बातमी होती की कुठल्याशा स्मार्ट फ्रिजला नवं सॉफ्टवेअर येणार. मी खाली लिहिलं, ‘आमच्या फ्रिजचं अपडेट पूर्ण होईपर्यंत दुधाने स्वतःचं व्हर्जन बदललं.’ लोकांना आवडलं. मग सवयच लागली. ड्रोनने कॉफी पोचवतात आणि पक्षी त्या ड्रोनवर हल्ला करतात अशी बातमी आली, तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं ते ‘चला, कावळा शिवला.’ पण ते इंग्रजीत कसं सांगणार, आधी पिंड समजवा, मग कावळा समजवा, तोवर कॉफी गार. असले विनोद आतच राहतात आणि बाकीचे जातात. सही करते ‘त्रस्त नागरिक’, रोमन अक्षरांत. इथल्यांना ते एखाद्या पदार्थाचं नाव वाटत असावं. ही सही कुठून उचलली ते तुम्हाला सांगायला नको.

मी अकरावीत होते. गावातल्या नगरपालिकेत बिलांसाठी पहिला कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. मी तुमच्याच पेपरला पत्र टाकलं: संगणक कक्षात अनवाणी यावे हे समजले, नारळ आत फोडायचा की बाहेर, तेही कळवावे. एक त्रस्त नागरिक. अक्षर बदलून लिहिलं होतं, पण हुशारी करून खाली पत्ता आपल्याच घराचा घातला होता. चार दिवसांनी दुपारच्या टपालाने माझ्या नावाचं कार्ड आलं. छापील. ‘आपले पत्र पोचले. जागेअभावी प्रसिद्ध करता येत नाही. क्षमस्व.’ खाली तुमची सही. न छापलेल्या प्रत्येक पत्राला तुम्ही पोच पाठवायचात, ती मलाही पाठवलीत, तिकीट लावून, सकाळी एकाच टेबलावर चहा पिऊन निघालेलो असताना. रात्री जेवताना मी पेपर तुमच्यापुढे धरला. त्या पानावर वितभर बनियनची जाहिरात होती. ‘जागा होती,’ मी म्हटलं. ‘होती,’ तुम्ही म्हणालात. ‘पण त्या खोलीत एकच मुलगी बसते. दोन महिन्यांपूर्वी लागलीय. चपलांचा नियम तिचा नाही, पण चौकात हसणार तिलाच.’ मी तिचं नाव कुठे घेतलंय, असं मी तावातावाने विचारलं. तुम्ही भात कालवत म्हणालात, ‘लिहिता येतं तुला. पोच नाही.’ मी म्हटलं, आली की पोच, दुपारच्या टपालाने. आई हसली. तुम्ही ताक मागितलंत.

तर आता मुद्द्यावर येते. दोन आठवड्यांपूर्वी त्या साइटवर व्हिडिओ कॉलवरच्या फजितींची बातमी होती. कुणाची मांजर, कुणाचा पायजमा, तेच ते. शेवटी एक किस्सा होता. इथल्या एका वयस्कर भारतीय माणसाच्या भावाचं तिकडे निधन झालं. विमानं बंद, म्हणून अंत्यविधी त्याने व्हिडिओवर पाहिला. विधी संपला, सगळे उठून गेले, आणि हा माणूस तसाच साडेचार तास त्या रिकाम्या कॉलवर बसून राहिला, कारण बाहेर कसं पडायचं ते त्याला माहीत नव्हतं. शेवटी मुलाने येऊन बंद केलं. मी लिहिलं, ‘अटी व शर्ती शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस अखेर सापडला.’ इंग्रजीत ते आणखी आटोपशीर होतं. बाबा, ते चाललं, म्हणजे फारच चाललं. शुक्रवारी साइटने ‘आठवड्याची उत्तम प्रतिक्रिया’ म्हणून चौकटीत टाकलं. लेक म्हणाली, ‘आई, यू आर फेमस, मेट.’ मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही हळूच ते पान उघडून बघत होते.

रविवारी सकाळी शेजारचे काका पुढच्या बुटक्या भिंतीशी आले. हे काका म्हणजे पुण्याचे रिटायर्ड इंजिनियर, मुलाकडे राहायला आले आणि इथलेच झाले. आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी मास्क लावून रोज थोडं बोलतो. त्यांचा भाऊ गेल्याचं मला माहीत होतं. भेटायला जाता येत नव्हतं म्हणून मी भिंतीवर भाजीचा डबा ठेवून आले होते. त्याहून जास्त काही मी विचारलं नव्हतं. ‘अगं, तू कॉम्प्युटरवाली ना,’ ते म्हणाले, ‘मला एक उत्तर टाकून दे.’ आणि आयपॅड भिंतीवर ठेवला. चौकटीत माझीच प्रतिक्रिया होती.

‘तो बातमीतला माणूस मी,’ काका म्हणाले. ‘मुलाने मित्रांना सांगितलं, त्यातल्या कुणीतरी पेपरला दिलं. त्याचं काही नाही. पण हे खाली लिहिलंय ना, हा आपल्यातला आहे. त्रस्त नागरिक. मराठी माणूस आहे. इंग्रजाने लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं, त्याला काय कळणार. याला कळायला हवं होतं.’

‘काय कळायला हवं होतं काका?’

‘अगं, मला ते लाल बटण दिसत होतं की. मी बॉयलर चालवलेत आयुष्यभर. पण वहिनी फोनसमोर होती. तिला म्हटलं, ठेवू का वहिनी? ती काही बोललीच नाही. कुणीतरी तिला आत नेलं असेल. मग मी बसलो. तिने ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय कसा ठेवणार? शेवटचा फोन तो.’

मी सॅनिटायझरने हात पुसले, आयपॅड पुसला, परत हात पुसले. काकांच्या नावाने खातं उघडून दिलं. ते मास्कच्या आतून एकेक वाक्य सांगत होते आणि मी इंग्रजी करत होते. महोदय, आपला विनोद वाचला, चांगला आहे. मी अटी वाचत नव्हतो. आमच्यात मोठ्या माणसाने ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाहीत हे आपणास ठाऊक असेल. माझ्या वहिनी म्हणाल्या नाहीत. आपला नम्र. ‘ठेवा’ला इंग्रजी शब्द मला सापडेना. काका म्हणाले, तसाच राहू दे, त्याला समजेल. मी ‘ठेवा’ रोमन अक्षरांत लिहिलं आणि पाठवलं. त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन थरथरला. काय आलंय ते मला न बघताच माहीत होतं: ‘तुमच्या प्रतिक्रियेला कुणीतरी उत्तर दिलं आहे.’ काका म्हणाले, ‘बघ, महत्त्वाचं असेल.’ मी म्हटलं, ऑफिसचं आहे, नंतर बघते.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, हे मला कळत होतं. ‘काका, ती मी,’ एवढंच. तीन शब्द. ते रागावलेही नसते, त्या माणसाला राग येत नाही. मला त्यांच्या रागाची भीती नव्हतीच. भिंतीशी रोज येणारा तो एकच माणूस आहे आणि त्याच्या नजरेत मी कोण आहे ते बदललं असतं, ते मला नको होतं. घरात येऊन मी चहा टाकला आणि मला या देशातली माझी पहिली जागा, मॉसन लेक्सची युनिव्हर्सिटी आठवली. मी तिथे शिकत होते तेव्हा दर रविवारी फोन कार्ड खरवडून नंबर लावायचे. बोलायला फार काही नसायचं. पाऊस, परीक्षा, आईचे गुडघे. शेवटी मी विचारायचे, ठेवू? तुम्ही म्हणायचात, हं, ठेव. शेवटच्या रविवारी कार्ड मध्येच संपलं, तुम्ही काहीतरी सांगत होतात, आणि मी म्हटलं जाऊ दे, पुढच्या रविवारी. बुधवारी तुम्ही गेलात. मला ते लागलं, बाबा. अजून लागतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि तरी काकांची ती बातमी वाचताना मला काही म्हणजे काहीसुद्धा सुचलं नाही, त्या एका विनोदाशिवाय. मी स्वतःला बरीच वर्षं जरा बरी बाई समजत होते.

संध्याकाळी मी माझी प्रतिक्रिया काढून टाकली. मला वाटलं, नीट होईल सगळं. चौकट जाईल, हसणारे हसून गेले असतील, काकांचं म्हणणं मागे राहील, लोक वाचतील. पण या साइटचा नियम असा की वरचं काढलं की खालचंही जातं. दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरते, पण हे माझ्या ध्यानात आलं नाही. सोमवारी काका भिंतीशी आले. ‘माझं काढलं गं त्यांनी,’ म्हणाले. ‘मी काही वावगं लिहिलं का? तू इंग्रजी केलंस ना, तुला काय वाटतं?’ मी म्हटलं, नाही काका, तुमचं अगदी व्यवस्थित होतं, साइटचाच काहीतरी प्रॉब्लेम असणार. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, ‘निदान त्याने तरी वाचलं असेल का?’ मी म्हटलं, हो, त्याला नोटिफिकेशन जातं. ‘मग झालं,’ म्हणाले, आणि कचऱ्याचा डबा आत ओढून घेऊन गेले. तेव्हापासून त्यांनी तो विषय काढलेला नाही. ते विसरलेत असं मला वाटून घ्यायचंय, पण काल ते आयपॅडवर तेच पान उघडून बसलेले मला खिडकीतून दिसले.

तुम्हाला हे का लिहितेय ते नीटसं सांगता येणार नाही. काकांना सांगायची हिंमत होत नाही, हे एक आहेच. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवर ‘टेस्ट नोट्स’ नावाच्या फाइलमध्ये ते राहील आणि लॅपटॉप परत करताना पुसलं जाईल. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून हे संपवलं तर लिहिण्यात अर्थ नाही. प्रतिक्रिया काढून टाकायच्या आधी मी तिचा फोटो काढून ठेवला. चौकट, लाइक्सचा आकडा, सगळं नीट दिसेल असा. खाली काकांच्या उत्तराच्या पहिल्या दोन ओळी त्यात येत होत्या. त्या मी बोटाने कापल्या.